हमीदचाचाचा तिसरा सवाल

वाघ मारायला निघालेल्या एका भल्या गृहस्थाला मी एकदा चुकीची रायफल दिली. नुसती दिली नाही. पुस्तकातला आधार वाचून दाखवून, आग्रह करून दिली. आणि तो उंबऱ्याबाहेर पडल्यावर स्वतःवर इतकी खूश झाले की समोरच्या हॉटेलातून स्वतःपुरता एक स्पेशल चहा मागवला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि नुकतीच बी.ए. झाले होते. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं समजून घ्यावं.

ही गोष्ट वर आली ती बिबट्यामुळं. मध्यंतरी आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत पार्किंगच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. तो बिबट्या होता की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा, यावर अजून एकमत नाही. पण बैठक भरली. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली होती, तरी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर उठले आणि म्हणाले, "पिंजऱ्यानं काय होतंय? कुणीतरी चांगली पाचशे बोअरची मोठी रायफल आणायला पाहिजे." मी मागच्या खुर्चीत होते. मला असं हसू फुटलं की नात कोपरानं ढोसायला लागली, "आजी, गप ना!" आता गप कशी बसू? माझ्या कानात दुसराच आवाज आला होता: "कौन से खांदे पर रखेंगे, साहब?"

तो आवाज हमीदचाचाचा.

गुलमंडीच्या मागच्या एका बोळात चाचाचं बंदुकीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढं एक लांबडी खोली, मागं तेवढंच अंगण. त्या वेळी शिकारीवर बंदी नव्हती. परवाना काढून लोक चांद्याकडं, आदिलाबादकडं वाघाला आणि गव्याला जायचे, आणि जायच्या आधी चाचाकडं यायचे. कुणाला नवी रायफल पाहिजे, कुणाला आजोबांची जुनी दुरुस्त करून पाहिजे, कुणाला नुसतं विचारायचं असायचं की आपल्याजवळ आहे ती त्या जनावराला पुरेल का. हैदराबादहूनसुद्धा माणसं येत. आणि गंमत अशी की सगळ्या मुलखाला वाघाची रायफल निवडून देणाऱ्या या माणसानं स्वतः जन्मात चिमणीसुद्धा मारली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दर्जी सगळ्यांचे शेरवानी शिवतो. प्रत्येक लग्नात नवरा बनून बसतो का?"

मला तिथं नोकरी लागली ती इंग्रजीमुळं. चाचा उर्दू शाळेत शिकलेला, मराठी आमच्यासारखीच बोलणारा, पण इंग्रजी अक्षर त्याला ओळखू येत नव्हतं. रायफलींचे कॅटलॉग, काडतुसांचे तक्ते, मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांची पत्रं सगळी इंग्रजीत. वाचून दाखवणारा जुना कारकून हैदराबादला निघून गेला होता. आमचे आण्णा छावणीत माळी होते, त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि आण्णांनी आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. मुलगी नेऊन बंदुकांच्या दुकानात बसवली. आईला ते मुळीच पटलं नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती लावता लावता ती म्हणायची, "सकाळी तोंडानं पहिलं शील म्हणती, जिवाची हत्या करणार नाय. अन् दहा वाजता हत्तीच्या टाळक्यातून कोणती गोळी आरपार जाती ते वाचती. एक काय ते ठरव बाई." आण्णा म्हणायचे, "ती वाचती. मारत नाय. वाचायलाच तर शिकवलं तिला."

चाचानं मला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारली नाही. "ए बीए, इकडं ये." "बीए, ह्या डब्यावर काय लिवलंय?" मला वाटायचं मान देतोय. पुढं कळलं की बोळातल्या बकरीलाही तो बेगमसाहिबा म्हणायचा.

उंच, किंचित वाकलेला माणूस. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास, पण डोक्यावरचे केस आधीच पांढरे झालेले. बोटं मात्र अजब. इंग्रजी अक्षर वाचता येत नसे, पण काडतूस अंगठ्यावर फिरवून, डोळे मिटून सांगायचा की हे अमक्या मापाचं, नरम टोकाचं, आणि ओल लागलेलं आहे, टाकून दे. दुनळी बंदूक आली की दोरीला टांगायचा आणि नखानं टिचकी मारायचा. देवळातल्या घंटेसारखा नाद आला तर खूश, भदभद वाजली तर म्हणायचा, "अंदर से नाराज आहे." दिवसातून दहादा बेसनानं हात धुवायचा, म्हणून तो जवळून गेला की तेलाचा आणि भज्यांचा मिळून वास यायचा.

दुकानात भिंतीवर बारा खुंट्या होत्या. अकरांवर बंदुका. बारावी रिकामी. मी दुसऱ्याच दिवशी तिच्यावर माझी छत्री अडकवली.  चाचा उठला, छत्री काढली, माझ्या खुर्चीच्या पाठीला लावली आणि फडक्यानं ती खुंटी पुसली. मी मनात म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. (चाळीस वर्षांचा म्हातारा! आज माझा जावई पंचावन्नचा आहे आणि मी त्याला पोरगा म्हणते.)

रायफल निवडायची त्याची एक पद्धत होती, आणि ती बघायला मी कॅटलॉगमधून मान वर काढायची. गिऱ्हाईक आलं की चहा. चहा बशीत ओतून होईपर्यंत कामाचं बोलणं नाही. मग तीन सवाल. "काय मारायचं?" "किती लांबून?" आणि तिसरा, जरा थांबून, "चुकलं तर?"

पहिल्या दोन सवालांची उत्तरं लोक धडाधड देत. तिसऱ्याला अडखळत. "चुकलं तर" काय, असं कुणी विचारलं की चाचा नुसता बघत राहायचा. "मी चुकत नाही" असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी काहीही विकत मिळत नसे. दुकानातलं सगळं एकदम दुरुस्तीला निघायचं. एकदा सिल्लोडकडचा एक जाडजूड मास्तर म्हणाला, "चुकलं तर चाचा, मी धोतर सोडून पळेन." चाचानं उठून त्याला मिठी मारली आणि दुकानातली सर्वांत चांगली रायफल काढून दिली.

मग मागच्या अंगणात. तिथं रिकामी रायफल, तीही चारदा उघडून बघितलेली, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि स्वतः समोर उभं राहायचं. "मिटा डोळे. खांद्याला लावा. आता उघडा आणि माझ्या ह्या डोळ्यावर नेम धरा." नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, डोळ्याच्या बरोबर मधोमध आली तर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, त्या माणसाच्या मापाचा. नाहीतर घास, काप, चामड्याची पट्टी लाव. हे शिंप्याचं काम झालं. पण मी एकदा विचारलं, "चाचा, भीती नाही वाटत?" तर म्हणाला, "मी माप बघत नाही गं फक्त. माणसाच्या डोळ्यावर बंदूक धरताना ज्याचा हात जरा बी हलत नाही, त्याला मी रायफल देत नाही."

मापाबद्दल त्याचं म्हणणं साधं होतं. जनावर जेवढं जड, हाड जेवढं जाड, तेवढी गोळी जड पाहिजे. हे कुणीही सांगेल. गव्याला हरणाची गोळी मारली तर तो मरत नाही, चिडतो. पण म्हणून वाघाला गव्या-हत्तीची गोळी लागत नाही. वाघाला आत जाऊन फुलणारी नरम टोकाची गोळी, मधल्या मापाची रायफल, म्हणजे तीनशेपंच्याहत्तर बोअरची, आणि मारणाऱ्याचा न बिचकलेला खांदा पाहिजे. "बंदूक दोन बाजूंनी लागती, बीए," तो म्हणायचा. "पुढं जनावराला, मागं माणसाला. पुढचं सगळे बघतात. मागचं मी बघतो."

जालन्याचे एक जिनिंगवाले शेठ आले होते. अंगठ्या, अत्तर, मागं दोन माणसं. त्यांना दुकानातली सर्वांत मोठी पाहिजे होती. "लहान माल दाखवू नका," म्हणाले. चाचा नम्रपणानं त्यांना शहराबाहेर माळावर घेऊन गेला, मीही कागदपत्रं धरून मागं. एक डबा दगडावर ठेवला. मोठी रायफल भरली आणि दिली. शेठजींनी नेम धरला, चाप ओढला आणि नळी एवढी खाली झटकली की माशी थेट स्वतःच्या बुटाकडं. डोळे गच्च मिटलेले. आवाज मात्र झालाच नव्हता. चाचानं आत खोटं काडतूस घातलं होतं.

"शेठजी," चाचा म्हणाला, "गोळी तर अजून इथंच आहे. तुमीच निघून गेलात."

शेठजी पहिल्यांदा लाल झाले, मग हसले, आणि मधल्या मापाची घेऊन गेले. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सगळं नक्कल करून दाखवलं. म्हणजे बघा, धडा माझ्या डोळ्यांदेखत शिकवला गेला होता. मी त्यातली फक्त नक्कल उचलली.

आता माझ्या करामतीकडं येते.

चाचाला दोस्त एकच: रंगनाथराव. कन्नडच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या एका गावचे. निजामाच्या काळात दोघं एका बाकावर बसून उर्दू शिकले होते. दिवाळीच्या सुमाराला रंगनाथरावांकडून सीताफळांची पाटी यायची, ईदला चाचाकडून डबा जायचा, आणि भेटले की दोघं एकमेकांना अशा काही अस्सल उर्दू शिव्या द्यायचे की ऐकणाऱ्याला शायरी वाटावी. रंगनाथराव अंगानं बारीक, सदरा हँगरला लावल्यासारखा. वडिलांच्या मागं त्यांच्याकडं दोन रायफली आल्या होत्या: एक तीनशेपंच्याहत्तरची एकनळी, आणि एका जहागीरदारानं कधीकाळी बक्षीस दिलेली पाचशेची दुनळी. दोन्ही परवान्यावर होत्या आणि दोन्ही बारा महिने चाचाच्या दुकानात ठेवायला दिलेल्या. कारण भागाबाई, त्यांची बायको, घरात बंदूक ठेवू देत नसत.

एका मंगळवारी दुपारी रंगनाथराव आले. त्यांच्या शिवारात वाघ उतरला होता. तीन बैल गेले होते, एका गुराख्याची मांडी फाडली होती. मारायची परवानगी मिळाली होती आणि गाव त्यांच्या दारात बसलं होतं: तुमच्या दोन-दोन रायफली काय लोणचं घालायला ठेवल्यात का? परवा सकाळी ढोल-डबे वाजवून वाघाला उठवायचा हाका ठरला होता.

"हमीद कुठंय?" त्यांनी विचारलं.

"सिल्लोडला. लेकीला मुलगा झाला."

"आजा झाला की गडी!" ते खूश झाले. मग खुर्चीवर टेकून म्हणाले, "बरं मग बाई, तूच सांग. दोन्हीतली कोणती नेऊ?"

कुणीही शहाण्या मुलीनं म्हटलं असतं, चाचा उद्या येतील, उद्या या. मी म्हटलं, "बसा." चहा मागवला. चाचासारखी जरा मान तिरकी केली. "काय मारायचं?"

"वाघ. सांगितलं की आत्ता."

"किती लांबून?"

"ते मी कसं सांगू? तो येईल तेवढ्या लांबून."

तिसरा सवाल मी विचारलाच नाही. मला वाटलं, एवढी मोठी रायफल असल्यावर चुकायचा प्रश्न येतोच कुठं? मी कॅटलॉग उघडला. एका पानावर मोठ्या आणि धोकादायक शिकारीसाठीच्या मापांचा तक्ता होता. वरून खाली आकडे वाढत जात. मी बोट फिरवत फिरवत सरळ तळाशी गेले. परीक्षेत मार्कांची यादी बघायची सवय. मोठा आकडा तो पहिला नंबर. "पाचशेची न्या," मी सांगितलं. "पुस्तकात लिहिलंय, हत्तीसुद्धा जागेवर बसतो. वाघ काय चीज आहे?" त्यांनी ती उचलली तेव्हा ते जरासे पुढं झुकले. मला ते दिसलं. मला वाटलं, नमस्कार करतायत.

त्यानंतर तो स्पेशल चहा.

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आला. माझ्या हातावर दोन ठेवले, आणि त्याची नजर भिंतीकडं गेली. "दुनळी कुठंय?"

मी सगळं सांगितलं. तक्त्यासकट. अभिमानानं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेढ्यांचा पुडा सावकाश बांधला, तीनशेपंच्याहत्तर खाली काढली, गवसणीत घातली आणि म्हणाला, "आण्णांना निरोप धाड. म्हणावं, जिनं दिली तिनंच परत घेऊन यायची आहे." आणि भर बाजाराच्या वेळी, शुक्रवार नसताना, दुकानाला कुलूप लावलं. बोळातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. कुणी गेलं का, असं एकानं विचारलंसुद्धा. "अजून नाही," चाचा म्हणाला.

कन्नडच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. दौलताबाद मागं पडलं. मग चाचा खिडकीबाहेर बघत बोलायला लागला, आणि मला त्या बाराव्या खुंटीचा अर्थ कळला.

साजिदमियाँ नावाचा एका जहागीरदाराचा मुलगा होता, बावीस वर्षांचा. चाचानं त्याला वाघासाठी रायफल निवडून दिली होती. माप बरोबर, दस्ता बरोबर, गोळी बरोबर. "इतकी बरोबर मी आयुष्यात परत कधी निवडली नाही," म्हणाला. चांद्याच्या जंगलात पोराची पहिली गोळी लागलीही. पण जखमी वाघ गवतात शिरला, आणि पोरगं त्याच्या मागं गेलं. रायफल परत आली. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. "तिच्यासाठी ती खुंटी ठेवली होती. घरच्यांनी नेली. खुंटी राहिली."

"तोवर मी दोनच सवाल विचारायचो, बीए."

मी रडायला लागले. चाचा म्हणाला, "रो नको. रंगनाथाच्या खांद्याचा विचार कर. पाचशेचा धक्का म्हणजे रेड्याची लाथ. एक गोळी मारल्यावर त्याचा खांदा दुसऱ्या गोळीला घाबरणार. तो चाप ओढायच्या आधी डोळे मिटणार. वाघाला गोळी लागणार पोटात, नाहीतर पायात. अन् मग वाघाला राग येणार आणि रंगनाथ असणार आंधळा." पुढं पूर्ण रस्ता मी देवाधर्माचं जे जे येत होतं ते म्हणून काढलं. पहिलं शील सोडून. ते तोंडातून निघेना.

गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. रंगनाथरावांच्या दारात ही गर्दी.  चाचा गर्दी सारत पुढं, मी त्याच्या शेरवानीचं टोक धरून मागं. ओसरीवर बाजेवर रंगनाथराव आडवे, उजवा खांदा हळदीच्या लेपानं पिवळाधमक, हात गळ्यात. शेजारी हाडवैद्य. आणि कमरेवर हात ठेवून उभ्या भागाबाई.

"ही का ती बीए?" भागाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "ये माय, ये. बघ तुझी करामत."

"हमीद," रंगनाथराव बाजेवरून क्षीण आवाजात म्हणाले, "वाघाला जे जमलं नाही ते तुझ्या बीएनं केलं रे. मला पाडला."

झालं होतं असं. आदल्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या गावानं धरलं: बघू तरी पाचशेची कशी वाजती. रंगनाथरावांनी तीस पावलांवरच्या आंब्याच्या खोडावर नेम धरला. दुनळीला दोन चाप असतात. पहिला ओढला, धक्क्यानं बोट मागं सरकलं ते दुसऱ्यावर, आणि दोन्ही नळ्या लागोपाठ उडाल्या. रंगनाथराव उताणे. गळ्याखालचं हाड मोडलेलं. आंब्याला काहीही झालं नव्हतं. एक गोळी जमिनीत गेली, दुसरी गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीला लागली आणि डोणीचे दोन तुकडे झाले.

चाचा बाजेच्या कडेला बसला. दोस्ताच्या खांद्यावरच्या लेपाला बोट लावून बघितलं. मग डोणीकडं बघितलं. मग आंब्याकडं. आणि हसायला लागला. मी त्याला असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही. रंगनाथरावही हसायला लागले आणि "आई गं, हलवू नको" म्हणून विव्हळायलाही लागले.

पण गाव हसत नव्हतं. उद्याचा हाका ठरलेला. पन्नास माणसं, ढोल, डबे, सगळी तयारी. आणि रंगनाथरावांना इज्जत आठवली. "हमीद, तू तीनशेपंच्याहत्तर आणलीस ना? दे. डाव्या खांद्यावरून मारतो."

चाचा उठून उभा राहिला. ओसरीच्या कडेला आला आणि सगळ्या गावाला विचारलं, "चुकलं तर?"

 सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा भागाबाई पुढं झाल्या.

"चुकलं तर काय? मी पांढऱ्या कपाळाची व्हईन, अन् तुमी सगळे तेराव्याला माझ्याच दारात जेवायला याल. स्वयंपाक बी मीच करायचा! उठा. गुरं आत बांधा, अन् निघा आपापल्या घरी."

हाका मोडला. वाघ दोन-चार दिवस ओरडला आणि जाताना एक गोऱ्हा घेऊन घाट उतरून खानदेशात निघून गेला. गुराख्याची मांडी भरली. मी पाचशेची दुनळी मांडीवर घेऊन एस.टी.नं परत आले, आणि पुढचा महिनाभर रोज सकाळी तिच्या दोन्ही नळ्या गजानं घासून तेल लावायची मला शिक्षा होती. चाचा त्या विषयावर परत बोलला नाही. मला काढूनही टाकलं नाही. फक्त तो तक्ता कॅटलॉगमधून फाडून त्यानं त्यात पेढे बांधून बोळात वाटले. नातवाचे राहिलेले.

पुढं शिकारबंदीचा कायदा आला. चाचाचा धंदा बसला असं लोकांना वाटलं, पण तो निवांत झाला. शेतराखणीच्या बंदुका दुरुस्त करायचा, जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकांच्या नळ्या सरळ करून द्यायचा. "वाघ बी सुटला, मी बी सुटलो," म्हणायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आण्णा मुलाला घेऊन मुद्दाम चाचाकडं आले. चाचानं चहा पाजला, मग अंगणात नेऊन मुलाच्या हातात रिकामी रायफल दिली. मिटा डोळे, लावा खांद्याला, उघडा. मुलाची नळी छपराच्या पन्हळीकडं, आणि हात थरथर थरथर. चाचा आण्णांच्या कानात म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, "हा कुणाला मारणार नाही. करून टाका." केलं. त्रेचाळीस वर्षं संसार झाला. आमच्या ह्यांनी झुरळसुद्धा मलाच मारायला लावलं.

चाचाला शेवटचं पाहिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. रंगनाथराव ऐंशी पार करून, झोपेत, आपल्या अंथरुणात गेल्याची बातमी आली होती. चाचाला भेटून यावं म्हणून मी गेले. दुकानाच्या जागी मुलानं मोबाइलचं दुकान काढलं होतं. चाचा वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी बसलेला. डोळे जवळजवळ गेले होते. भिंतीत एक लाकडी खुंटी होती, तीच, खालून काढून वर लावलेली. रिकामी.

मी पायऱ्या चढून आत पाऊल टाकलं आणि काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ये बीए. दम लागायला लागला तुला." मी जवळ बसले. सून चहा ठेवून गेली. त्यानं चाचपडत बशी शोधली, चहा ओतला, फुंकला. चहा संपेपर्यंत कामाचं बोलायचं नाही, म्हणून मीही गप्प. खाली मोबाइलच्या दुकानात कुठलं तरी गाणं वाजत होतं.

"घरात गेला ना?" त्यानं बशी ठेवत विचारलं.

"हो चाचा. झोपेत. भागाबाई उशाशी होत्या."

त्यानं मान हलवली. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांनी खुंटीच्या दिशेला बघितलं, आणि त्या बोटांनी, काडतूस ओळखणाऱ्या, माझ्या डोक्यावर एक हलकी टपली मारून म्हणाला:

"एक गोष्ट चाळीस वरीस तुला बोललो नाही. त्या दिवशी मी दुकानात असतो ना, तर रंगनाथाला तीनशेपंच्याहत्तरच काढून दिली असती. एकदम बरोबर माप. अन् दोस्ताला कोण सवाल विचारतं? तिसरा सवाल मी त्याला विचारलाच नसता. खांदा शाबूत घेऊन तो सकाळी वाघासमोर उभा राहिला असता, आणि त्याला तर साधा तितर बी लागत नव्हता गं. तू चुकलीस म्हणून तो घरात मेला, पगली. पण हे बाहेर बोलू नको, धंद्याची बदनामी होती."